जिरवलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा?

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सावदा, निंभोरा आणि रावेर ही स्थानके लागतात. जळगावची केळी उत्तर भारताच्या बाजारात वर्षानुवर्षे गेली ती याच स्थानकांतून. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या पट्ट्यात नजर पोचेल तिथवर बागा. ऐन उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला तरी या बागा हिरव्या असतात. पावसाची सरासरी मात्र सुमारे 700 मिलिमीटर, म्हणजे ही हिरवाई जमिनीखालच्या पाण्यावर उभी आहे आणि ते पाणी खाली चालले आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनांत रावेर आणि यावल या तालुक्यांची नावे अतिउपशाच्या यादीत पुन्हा पुन्हा आली आहेत. त्यावर गेल्या तीसेक वर्षांत बरेच उपाय सुचवले गेले आणि त्यांतले पुष्कळ अमलातही आले: ठिबक, बंधारे, नाला खोलीकरण, सौर पंप आणि आता तापीच्या महापुनर्भरणाची प्रचंड योजना. हे सगळे उपाय शेजारी शेजारी मांडून पाहिले की त्यांच्यातली एक समान उणीव लक्षात येते. प्रत्येक उपाय पाणी वाढवायचे किंवा वाचवायचे कसे ते सांगतो; वाढलेले पाणी कोणाच्या शेतात जाईल याबद्दल कोणीच बोलत नाही. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यासाठी मात्र तोच पहिला प्रश्न आहे. वाटप आधी ठरले नाही तर पुनर्भरणाचा प्रत्येक थेंब सर्वांत खोल बोअरकडे जाईल, आणि लहान शेतकरी आज जिथे आहे तिथेच राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत तपासायचे तर आधी इथली जमीन समजून घ्यावी लागते. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग काळ्या कातळाचा आहे. तिथे विहिरीचे पाणी कातळाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात साठते. साठा लहान, म्हणून तो पावसाळ्यात लवकर भरतो आणि उन्हाळ्यात लवकर रिकामाही होतो. तापीच्या उत्तरेची गोष्ट वेगळी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेले दगडगोटे, वाळू आणि माती यांचा जाड थर साचला आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून धावत येणारे नाले या पट्ट्यात शिरले की त्यांचे पाणी पाहता पाहता जिरते. पुढे नदीकडे सरकावे तसे चिकणमाती आणि वाळूचे थर एकावर एक लागतात आणि बझाड्यात मुरलेले पाणी वाळूच्या थरांतून हळूहळू दक्षिणेकडे पसरते. म्हणजे रावेर, सावदा, फैजपूर, यावल या गावांच्या खाली एकच मोठा सलग साठा आहे. तो गावांच्या शिवेवर थांबत नाही आणि बांधावरही थांबत नाही. एका शेतातला उपसा दुसऱ्या शेतातली पातळी खाली नेतो. कातळाच्या मुलखात आपल्या विहिरीची काळजी आपण घेतली तर थोडेफार भागते. इथे एकट्याच्या काटकसरीचे फळ एकट्याला मिळेल याची काहीही हमी नाही. उपायांची परीक्षा करताना हा फरक सतत डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

आता हिशेब. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार केळीला वर्षाला 1,200 ते 2,200 मिलिमीटर पाणी लागते. दमट हवेत कमी, कोरड्या हवेत जास्त. खानदेशची हवा कोरडी, तरी आपण सर्वांत कमी आकडा धरू. पावसातले 500 मिलिमीटर थेट बागेच्या कामी आले असे मानले, तर उरलेले 700 मिलिमीटर जमिनीखालून काढावे लागतात. दुसऱ्या बाजूला, पडलेल्या 700 मिलिमीटर पावसातला पाचवा हिस्सा खोलवर जिरला असे उदारपणे धरले, तर एका हेक्टरवर 140 मिलिमीटर पुनर्भरण होते. याचा अर्थ काटकसरीने केलेली एक हेक्टर केळीसुद्धा पाच हेक्टरांवर जिरलेले पाणी वापरते. सातपुड्याच्या नाल्यांतून येणारे पाणी यात मिळवायला हवे, आणि त्यामुळेच हा पट्टा इतकी वर्षे तग धरून आहे. पण तेवढी भर घालूनही मूळ गोष्ट बदलत नाही. ज्याची बाग उभी आहे, त्याच्या बागेत इतर चार शेतांचे पाणी आहे. त्या चार शेतांचे मालक कोण, त्यांना त्याबद्दल काय मिळाले, हा प्रश्न आपल्या सिंचनाच्या चर्चेत विचारलाच जात नाही.

तो विचारला जात नाही याचे एक कारण कायद्यात आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी की जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे. वाहत्या नदीवर सरकारचा हक्क, कालव्याच्या पाण्यावर पाटबंधारे खात्याचा ताबा, आणि विहिरीचे पाणी मात्र खाजगी. जमिनीच्या मालकीला पाण्याची मालकी जोडली की कागदावर सगळे समान दिसतात; एक एकरवाल्यालाही हक्क आणि वीस एकरवाल्यालाही. प्रत्यक्षात हक्क ठरतो खोलीवर आणि खोली ठरते पैशावर. कातळात बोअर घेताना वरच्या काही फुटांपुरते केसिंग टाकले की भागते, कारण खालचा खडक स्वतःच उभा राहतो. तापीच्या गाळात तसे चालत नाही. भोक ढासळते म्हणून तळापर्यंत केसिंग, पाण्याच्या थरासमोर जाळीचा पाइप, त्याच्याभोवती बारीक खडी, मग कॉलम पाइप, केबल आणि जास्त अश्वशक्तीची सबमर्सिबल मोटर. पातळी आणखी खाली गेली की यातला बराचसा खर्च पुन्हा करावा लागतो. पंधरा-वीस एकरांच्या बागायतदाराचा तो खर्च एका चांगल्या हंगामात निघतो. दोन एकरवाल्याच्या डोक्यावर त्याचे कर्ज बसते आणि बोअर कोरडा गेला तर जमीनच पणाला लागते. मग तो शेजाऱ्याकडून तासावर पाणी विकत घेतो, बाग सोडून ज्वारी-हरभऱ्याकडे वळतो, किंवा जमीन खंडाने देऊन दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जातो. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिती क्षेत्र 1.34 हेक्टर आहे. याचाच अर्थ, ज्याच्या आवाक्याबाहेर ही शर्यत आहे तोच इथला सर्वसाधारण शेतकरी आहे.

लहान शेतकऱ्याला भूजल मिळवून देण्याचा प्रश्न देशात आणि शेजारी सर्वाधिक चर्चिला गेला तो भाताच्या संदर्भात, आणि तिथला अनुभव इथे उपयोगी पडतो. पश्चिम बंगालमध्ये भूजल मुबलक, पण पंप बसवायला परवाना लागे आणि वीजजोडणी महाग पडे. 2011 साली सरकारने सुरक्षित विभागांत 5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी परवान्याची अट काढून टाकली. तिथे तो निर्णय योग्य होता, कारण दर पावसाळ्यात साठा पुन्हा भरतो आणि अडसर पाण्याचा नसून परवान्याचा व विजेचा होता. बांगलादेशात लाखो लहान शेतकऱ्यांनी उन्हाळी भातासाठी उथळ नलिकांतून पाणी उपसले, त्यामुळे साठ्यात पावसाळ्यापूर्वी जागा झाली आणि पुराचे जास्त पाणी जिरले, असे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मोजून दाखवले. पंजाबात मात्र तेच भातपीक आणि तेच पंप यांनी भूजल इतके खाली नेले की 2009 साली रोपलावणीची तारीख कायद्याने ठरवावी लागली. पीक एकच, यंत्र एकच. परिणाम वेगळे, कारण खालचा साठा आणि वरचा पाऊस वेगळा. बंगालच्या लहान शेतकऱ्याला पंप हवा होता, आणि रावेरच्या लहान शेतकऱ्यालाही पंपच द्यावा असे आपली धोरणे धरून चालतात. रावेर मात्र पंजाबच्या बाजूचे आहे. इथे आणखी एक पंप म्हणजे त्याच आटत्या साठ्यात आणखी एक नळी.

उपायांत पहिला मान ठिबकचा, आणि तो योग्यच आहे. भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने जळगावातूनच ठिबक आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपे महाराष्ट्रभर नेली. बसराई आणि श्रीमंती या वाणांची जागा ग्रँड नैनने घेतली, पावसाळ्यात लावलेली मृगबाग असो की दिवाळीच्या सुमाराची कांदेबाग, निसवण (घड बाहेर पडणे) एकसारखी होऊ लागली, उत्पादन वाढले, मजुरी वाचली. पाटपाण्याने बाग भिजवण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा झाडामागे कितीतरी कमी पाणी लागते. पण झाडामागची बचत ही साठ्याची बचत असतेच असे नाही. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर बाग वाढवतो, आणि त्याच्या जागी कोणीही तेच करील. शिवाय पाटपाण्यातून जे पाणी पुन्हा खाली झिरपत होते, तेही थांबते. सिंचनाची कार्यक्षमता वाढवल्याने खोऱ्याचा एकूण वापर बहुधा कमी होत नाही, उलट वाढू शकतो, असा निष्कर्ष जगभरच्या अनुभवांवरून 2018 साली सायन्स या नियतकालिकात मांडला गेला. ठिबकवर अनुदान देताना बागेचे एकूण क्षेत्र वाढवू नये अशी अट घातली असती तर ही बचत खरोखर जमिनीत राहिली असती. तशी अट नसल्याने ठिबकने उत्पादन दिले, पातळी वाचवली नाही.

दुसरा उपाय पाणी अडवण्याचा. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी 2004 पासून जे काम उभे केले त्याची नोंद घेतल्याशिवाय खानदेशातला कोणताही आढावा पुरा होत नाही. शिरपूरचे राजकीय नेते अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने तिथे नाले रुंद आणि खोल केले गेले, त्यांवर दारे नसलेले सिमेंट बंधारे बांधले गेले. चिकणमातीचा न झिरपणारा थर फोडून पाणी खालच्या वाळूपर्यंत पोचवायचे, ही त्यामागची कल्पना, आणि गाळाच्या जमिनीत ती शास्त्राला धरून आहे. पाणी अडवलेल्या भागातील विहिरींना त्याचा लाभ झाला. अडचण पुढे आली. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात खोलीकरण राज्यभर झाले, कातळाच्या मुलखातही, आणि तिथे ते शास्त्राला सोडून होते यावर अनेक जाणकारांनी बोट ठेवले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. शिरपूर असो की जलयुक्त, नाल्यात पाणी जिरले की ते नाल्यालगतच्या आणि खोल विहिरींना आधी मिळते. बहुतेक ठिकाणी खर्च सार्वजनिक, जागा सार्वजनिक, पाऊस सर्वांचा. पण जमिनीखाली गेल्याक्षणी ते पाणी खाजगी होते. पाणी वाढले की बाग वाढते, आणि चार-पाच वर्षांत पातळी पुन्हा खाली जाण्याची वाट मोकळी होते.

याच तर्काने आता महापुनर्भरणाकडे पाहिले पाहिजे, कारण यापुढचा मोठा पैसा तिथे जाणार आहे. 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा सामंजस्य करार झाला. खारिया गुटीघाट येथे तापीवर वळण बंधारा बांधून पुराचे पाणी दोन्ही काठांच्या कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याकडे न्यायचे आणि बझाड्याच्या पट्ट्यात जिरवायचे, असा हा बेत. एकूण 31.13 अब्ज घनफूट पाणी, महाराष्ट्रातील 2,34,706 हेक्टर आणि मध्य प्रदेशातील 1,23,082 हेक्टर लाभक्षेत्र, अंदाजे खर्च 19,244 कोटी रुपये. कल्पना म्हणून ही योजना भक्कम आहे. निसर्गाने पायथ्याशी जी गाळणी तयार ठेवली आहे तिच्यातच पाणी सोडायचे. मोठ्या धरणासारखे विस्थापन नाही, बाष्पीभवन कमी, आणि हतनूर धरणाप्रमाणे साठा गाळाने भरत जाण्याची भीतीही कमी. माझा आक्षेप तिच्या भूशास्त्रावर नाही. कालव्याचे पाणी शेताला दिले तर चारी, पाळी, पाणीपट्टी आणि पाणीवापर संस्था असे सगळे नियम लागू होतात. तेच पाणी जमिनीत सोडले तर वाटपाचा कोणताच नियम लागू होत नाही. हजारो कोटींच्या सार्वजनिक पाण्यावर वाटपाचा एकही नियम नसावा, ही या योजनेतली सर्वांत मोठी फट आहे आणि ती कालवा खोदण्याआधीच बुजवता येईल.

ऊर्जेच्या योजनांनीही हा प्रश्न सोडवलेला नाही. एप्रिल 2024 पासून राज्यात 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळते आणि मागेल त्याला सौर कृषिपंप या योजनेत अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्तीचा पंप दिला जातो. दिवसा पाणी देता येणे हा शेतकऱ्याचा मोठा दिलासा आहे. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जाण्याचा धोका ज्यांनी पत्करला त्यांना त्याचे मोल सांगावे लागत नाही. पण जमीन कमी म्हणून पंप लहान, हा निकष बझाड्यात लहान शेतकऱ्याच्याच मुळावर येतो, कारण पाण्याची खोली सातबारा पाहून ठरत नाही. गणित करून पाहू. तीनशे फुटांवरून पाणी उचलायचे, मोटर-पंपाची कार्यक्षमता निम्मी, ऊन सहा तास चांगले, असे धरले तर 3 अश्वशक्तीचा पंप दिवसाला साधारण 26,000 ते 27,000 लिटर पाणी देतो. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या एका एकरात सुमारे 1,740 झाडे बसतात. उन्हाळ्यात ठिबकवर झाडामागे 20 लिटर धरले तर एकरालाच दिवसाला जवळपास 35,000 लिटर लागतात. म्हणजे अडीच एकरांच्या नावावर मिळालेला पंप एक एकरही पुरा भिजवत नाही. दुसरीकडे वीज आणि ऊन दोन्ही फुकट असल्याने ज्याचा बोअर चालतो त्याला मोटर बंद करण्याचे कारण उरत नाही.

कायदा आहे का? आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2009 साली विधिमंडळाने संमत केला आणि 2014 पासून तो लागू झाला. अधिसूचित क्षेत्रात पाणलोट समिती, भूजल वापराचा आराखडा, त्यावर बेतलेले पीकनियोजन, खोल विहिरींवर निर्बंध आणि उपकर अशा तरतुदी त्यात आहेत. नियमांचा मसुदा 2018 साली प्रसिद्ध झाला. पण कायद्याचा रोख बंदीवर आहे, वाटपावर नाही. आणि सरसकट बंदी नेहमी उशिरा येणाऱ्यावर बसते. ज्याने आधी पाच बोअर घेतले त्याचे पाचही शाबूत राहतात, आणि ज्याच्या शेतात एकही नाही त्याला पहिला घ्यायला मनाई होते. सात राज्यांत 2020 पासून राबवलेल्या अटल भूजल योजनेत जळगाव जिल्ह्याचा समावेश झाला, गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आली, हे चांगले पाऊल पडले. मात्र ताळेबंदात जमा आणि खर्च असतो, हिस्से नसतात. तूट किती हे कळले तरी ती कोणी भरून काढायची हे त्यातून ठरत नाही.

वाटप अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण खानदेशाने ते शतकानुशतके केले आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत होती. नदीवर एकापाठोपाठ एक बंधारे, प्रत्येक बंधाऱ्याचा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे. पाणी कमी झाले की पंच एखादा फड पडीक ठेवत, म्हणजे टंचाईचा वाटा सर्वांवर सारखा येई. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार आणि त्यांची मजुरी लाभधारकांकडून. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर असे वाटले गेले, भूमिहीनांनाही हिस्सा मिळाला आणि ऊस वर्ज्य ठरला. नाशिकजवळ वाघाड धरणावर समाज परिवर्तन केंद्राच्या प्रयत्नांतून पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि कालव्याचे पाणी नाल्यांतील बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरण्याचा प्रयोगही झाला. आणि सर्वांत जवळचे उदाहरण प्रत्येक गावात आहे: भावाभावांतली सामाईक विहीर. तिच्यात कोणाचा चार आणे, कोणाचा आठ आणे हिस्सा असतो, पाळीचे दिवस ठरलेले असतात, आणि पाणी आटले की सगळ्यांची पाळी सारख्या प्रमाणात कमी होते. सावद्याखालचा साठा ही फार मोठी सामाईक विहीर आहे. हिस्से लिहिले गेलेले नाहीत, एवढाच फरक.

ते कसे लिहावेत? माझ्या मते तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतील. पहिली, हिशेबाचा घटक गाव न धरता सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंतचा सलग साठा धरावा, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींवरून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास, कांदेबागेची लागण आणि रब्बीची पेरणी पुरती होण्याआधी, उपशाची मर्यादा जाहीर करावी. दुसरी, त्या मर्यादेत पहिल्या एकराला प्राधान्य द्यावे: प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या पहिल्या एकराचे पाणी आधी बाजूला काढायचे, मगच कोणाच्याही दुसऱ्या, दहाव्या, विसाव्या एकराचा विचार. सार्वजनिक पैशाने जे पाणी जिरवले जाईल, त्यावर तरी हा नियम निरपवाद असावा. तिसरी, एकेकट्याला लहान पंप देण्याऐवजी आठ-दहा लहान शेतकऱ्यांच्या गटाला एक पुरेसा खोल बोअर आणि पुरेशा शक्तीचा सौर पंप द्यावा, आणि त्यातले हिस्से सामाईक विहिरीसारखे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवावेत. नोंद झाली की तो हक्क विकत घेणाऱ्या-देणाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. सातपुड्यातल्या पाल परिसरासारख्या गावांचाही यात विचार हवा. तिथल्या तडवी आणि पावरा शेतकऱ्यांच्या उतारावर पडलेले पाणीच खाली येते, आणि त्यांच्या वाट्याला आजवर खालच्या बागांतली मजुरी आली आहे. पायथ्याची पुनर्भरणाची कामे वरच्या उतारापासून सुरू व्हावीत आणि पहिल्या एकराचा नियम तिथेही लागू व्हावा.

यावर पहिला आक्षेप केळीच्या अर्थकारणाचा येईल. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. कटाईच्या टोळ्या, वाहतूक, पेट्या, रोपवाटिका यांवर हजारो घरे चालतात. जलसंधारणासाठी गाजलेल्या हिवरे बाजार या गावाने केळी आणि ऊस वर्ज्य केले तसे इथे केले तर तालुका उद्ध्वस्त होईल, असे म्हटले जाईल. ते खरे आहे, आणि म्हणूनच मी बंदी मागत नाही. पहिल्या एकराच्या नियमात केळी राहते. ती मोजक्या मोठ्या बागांत एकवटण्याऐवजी अधिक हातांत पसरते. कटाईची, भरणीची, वाहतुकीची मजुरी तेवढीच राहते. मोठ्या बागायतदाराला काही एकर कमी करावे लागतील, हे नाकारता येणार नाही. पण नियम नसतानाही ते एकर जाणारच आहेत. तेव्हा ते क्रमाने आणि पूर्वसूचनेने न जाता बोअर कोरडा पडल्यावर, ऐन निसवणीत, कर्जासकट जातील.

दुसरा आक्षेप मालकीचा: स्वतःच्या पैशाने बोअर घेतला, मग पाणी माझे का नाही? बोअर, केसिंग, मोटर नक्कीच त्याची. पाण्याबद्दल मात्र वरचा पाच हेक्टरांचा हिशेब उत्तर देतो. त्या बोअरमध्ये जे येते त्यातले बरेचसे इतरांच्या शेतात आणि सातपुड्याच्या जंगलात जिरलेले असते. यंत्रावरच्या खर्चाचा परतावा मिळालाच पाहिजे, म्हणून गटाने जुना चालू बोअर रास्त किमतीला घ्यावा किंवा बोअरवाल्याने गटातला हिस्सेदार व्हावे, अशी वाट ठेवावी. तिसरा आक्षेप मोजणीचा. हजारो मोटरींना मीटर बसवणे आणि रोज वाचणे अवघड आहे, आणि तो अनुभव वीज वितरण कंपनीलाही आहे. पण प्रत्येक मोटर मोजण्याची गरज नाही. रोहित्रावरची वीज मोजता येते, आणि उपग्रहाच्या छायाचित्रांवरून कोणत्या गटात किती एकर बाग उभी आहे हे कळते. केळीची बाग लपवता येत नाही. क्षेत्र मोजले की पाणी पुरेशा अचूकतेने मोजले जाते. फडातले पंचही पाणी लिटरने मोजत नव्हते, पिकाचे क्षेत्र ठरवत होते.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: फड मोडला, पाणी पंचायत सगळीकडे पसरली नाही, हिवरे बाजार एकच राहिले, मग गटांवर आणि नियमांवर विश्वास का ठेवावा? फड मोडण्याची कारणे पाहिली तर उत्तर सापडते. वरच्या अंगाला धरणे झाली आणि खालच्या बंधाऱ्यांच्या पाण्याचा हक्क कोणी विचारात घेतला नाही. फडातच खाजगी विहिरी झाल्या आणि ज्याच्याकडे विहीर त्याला पंचांची गरज उरली नाही. लोकांना वाटून घेता आले नाही म्हणून फड गेला असे म्हणता येत नाही. बाहेरच्या व्यवस्थेने त्यांच्या वाटपाला कायद्याचे बळ दिले नाही आणि विहिरीच्या पाण्याला वाटपाबाहेर ठेवले, हे त्याचे खरे कारण. जुन्या व्यवस्था न्यायाच्या बाबतीत निर्दोष होत्या असेही नाही. फडात भूमिहीनाला स्थान नव्हते आणि पंच बहुधा प्रतिष्ठितच असत. म्हणून त्या जशाच्या तशा आणायच्या नाहीत. टंचाई सर्वांनी वाटून घेण्याचे त्यांचे सूत्र घ्यायचे, भूमिहीनाचा हिस्सा पाणी पंचायतीकडून घ्यायचा, आणि या दोन्हींना जे कधी मिळाले नाही ते कायद्याचे संरक्षण आजच्या राज्याने द्यायचे.

महापुनर्भरणाची योजना हे करण्याची दुर्मीळ संधी आहे. पाणी आधीच वाटले गेले असते तर कोणाचा तरी हिस्सा काढून घ्यावा लागला असता. इथे नवे पाणी येणार आहे, त्यामुळे त्या पाण्यापुरता तरी कोणाचे काही न काढता नियम घालता येतो. तो काळ थोडा आहे. एकदा पाणी जिरू लागले, त्या भरवशावर नव्या बागा उभ्या राहिल्या, कर्जे निघाली, की वाटपाची भाषा करणाऱ्याला बागायतदाराचा शत्रू ठरवले जाईल. म्हणून रावेर, यावल, चोपडा आणि शिरपूर तालुक्यांतील ग्रामसभांनी या योजनेबाबत एकच मागणी ठरावाने करावी: जिरवलेल्या पाण्याच्या वाटपाचा नियम राजपत्रात प्रसिद्ध होईपर्यंत कालव्याच्या पहिल्या निविदेला मंजुरी देऊ नये. लोकप्रतिनिधी योजनेचे श्रेय घ्यायला गावात येतील, तेव्हा त्यांना किती अब्ज घनफूट पाणी आणले हे विचारण्याबरोबरच दोन एकरवाल्याच्या वाट्याला त्यातले किती लिहिले आहे, हेही विचारावे. त्याचे उत्तर आकड्यात मिळत नाही तोवर ही योजना लहान शेतकऱ्याची आहे असे म्हणू नये.